रेडिओवर शास्त्रीय संगीताचा एक पूर्ण दिवस : प्रहरांची आखणी कशी करावी?

प्रश्न : सेलूची लेक

सर्वांना नमस्कार.

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणतो. त्यांचे वय 83 आहे आणि गेल्या वर्षभरात दृष्टी इतकी अधू झाली आहे की वाचन पूर्णपणे थांबले आहे. सेलूच्या आमच्या जुन्या वाड्यात, ढाळजेच्या (दारालगतच्या बैठकीच्या) कोनाड्यात, माझ्या लहानपणापासून रेडिओ होता आणि माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) दोन बांबू रोवून ताणलेली तांब्याची तार हा त्याचा एरियल होता. नाना शाळेत शिक्षक होते. ते गाणे शिकलेले नाहीत, परंतु ऐकण्याची त्यांची शिस्त फार कडक होती. शाळेला निघण्यापूर्वी सकाळचे शास्त्रीय गायन, सुट्टीच्या दुपारी एखादे सतारवादन किंवा सनई, आणि शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, जो संपेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. मधल्या सगळ्या वेळात रेडिओ बंद असे.

आता त्यांना विरंगुळा हवा म्हणून मी फोनवर शास्त्रीय गायनाच्या ध्वनिमुद्रणांची एक लांबलचक यादी करून दिली आणि ती सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवली. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मालकंस हा रात्रीचा राग चालू असताना म्हणाले, “बंद कर बाई ते. दिवसभर वाजायलंय, पण सकाळ झाली का रात्र, ते काही कळंना झालंय.” ज्यांना खिडकीतला उजेडही आता नीट दिसत नाही, त्यांच्या तोंडचे हे वाक्य मला फार लागले.

येत्या रविवारी त्यांच्यासाठी रेडिओचा एक दिवस नव्याने मांडावा, असे मनात आहे. कोणत्या वेळी कोणते राग ठेवावेत, मध्ये किती वेळ शांतता असावी, आणि हे सगळे रेडिओवरूनच मिळू शकेल की ध्वनिमुद्रणांची जोड द्यावी लागेल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आमच्या घरातल्या रेडिओ संचात अलीकडे खरखर फार येते, त्यावरही उपाय हवा आहे.

उत्तर 1 : तानपुरा, अंबाजोगाई

ताई, नानांची तक्रार अगदी योग्य आहे, आणि ती समजून घेण्यासाठी जुना रेडिओ कसा चालत असे ते आठवावे लागेल. फितीवरचे ध्वनिमुद्रण सार्वत्रिक होण्यापूर्वी आकाशवाणीवरचे गायन प्रत्यक्ष स्टुडिओतून प्रसारित होत असे. केंद्रावर बोलावलेला कलावंत एकाच दिवशी सकाळी आणि पुन्हा रात्री गात असे, आणि त्या त्या वेळेचा रागच गाई. म्हणजे घड्याळ नसलेल्या घरातही सकाळी तोडी लागली की साधारण किती वाजले असतील हे कळत असे. 1952 साली बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि त्याच वर्षी नानांचा तो शनिवारचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. 1954 पासून आकाशवाणी संगीत संमेलने होऊ लागली. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत न मावणारा विलंबित (संथ लयीतला) ख्याल आपल्या गावांमध्ये पहिल्यांदा पोहोचला तो या कार्यक्रमांमधून. तिकीट काढून मैफलीला जाणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांचे कान या रेडिओनेच घडवले. (केसकरांच्या काळात चित्रपटगीतांवर आलेले निर्बंध मला मान्य नाहीत, पण शास्त्रीय संगीतापुरते त्यांचे ऋण मी मानतो.)

आता आखणी. संगीतशास्त्रकार पंडित भातखंडे यांनी रागांच्या वेळेचा जो हिशेब मांडला आहे, तो साध्या शब्दांत असा (रिषभ, गंधार, मध्यम, धैवत, निषाद म्हणजे रे, ग, म, ध, नी; कोमल म्हणजे उतरलेला आणि तीव्र म्हणजे चढलेला स्वर) : सूर्योदय आणि सूर्यास्त या दोन्ही संधिकाळी कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार असलेले राग येतात, म्हणून पहाटेचा भैरव आणि सायंकाळची पूरिया यांच्यात एक दूरचे नाते ऐकू येते, त्यानंतर शुद्ध रिषभ-धैवताचे राग येतात, आणि दुपार व मध्यरात्र यांच्याकडे सरकताना कोमल गंधार-निषादाचे. सकाळी शुद्ध मध्यमाचे प्राबल्य असते, तर संध्याकाळ तीव्र मध्यमाने ओळखता येते. ललत, तोडी, मुलतानी यांसारखे अनेक राग या चौकटीत सरळ बसत नाहीत, त्यामुळे हा नियम वाटाड्यासारखा धरावा.

पहाटे साडेपाचला भैरव किंवा रामकली, अर्धा तास. त्यानंतर एकदम साडेआठ-नऊला तोडी. दुपारी बारा-साडेबाराला वृंदावनी सारंग अवश्य ठेवा. या रागात गंधार आणि धैवत हे दोन्ही स्वर वर्ज्य आहेत, म्हणजे घेतलेच जात नाहीत, आणि त्या मोकळ्या जागांमुळेच की काय, आपल्या मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्रे तापलेले असताना, रस्त्यावर चिटपाखरू नसताना तो जितका पटतो तितका पुण्या-मुंबईच्या दमट दुपारी पटत नाही, असा माझा अनुभव आहे. चारच्या सुमारास मुलतानी किंवा भीमपलासी. सूर्यास्ताला मारवा, त्यासाठी उस्ताद अमीर खाँ यांचे ध्वनिमुद्रण सहज मिळते, आणि त्यांच्यासारखा धीराने षड्ज (सा) टाळत जाणारा मारवा मी दुसरा ऐकलेला नाही. दिवेलागणीनंतर यमन किंवा भूप, जेवणे झाल्यावर बागेश्री किंवा बिहाग, आणि नाना जागे असतील तर शेवटी दरबारी कानडा. सगळे मिळून चार तासांच्या वर जाऊ देऊ नका. उरलेला वेळ संच बंद असावा, कारण पुढच्या रागाची वाट पाहण्यातच त्यांचा दिवस तयार होणार आहे.

एक विनंती : आपल्या मातीतले गाणे-वाजवणेही त्यात असू द्या. नांदेडच्या मातीतले आणि पुढे औरंगाबादला स्थिरावलेले पंडित नाथराव नेरळकर यांचे गायन, किंवा आमच्या तालुक्यातल्या आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांचे पखवाजवादन मिळाले, तर नानांना ओळखीचा आवाज भेटेल.

उत्तर 2 : मध्यम लहर, परभणी

मी अनेक वर्षे रेडिओ दुरुस्तीचे काम केले आहे, म्हणून फक्त खरखरीबद्दल लिहितो.

मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्ह) संचात आत काळसर कांडीवर गुंडाळलेली तार असते आणि तोच त्याचा एरियल असतो. ही कांडी केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज स्पष्ट येतो आणि तिचे टोक केंद्राकडे झाले की तो मावळतो. त्यामुळे संच जागेवरच हळूहळू फिरवून पाहावा. खरखरीचे दुसरे मोठे कारण आजच्या घरांमध्येच आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, ही सगळी उपकरणे मध्यम लहरींवर गोंगाट टाकतात. ती एकेक करून बंद करून पाहा आणि संच विजेऐवजी सेलवर चालवा. निम्मी तक्रार तिथेच मिटते. वळवाच्या दिवसांत आभाळात वीज कडाडत असेल, तर मात्र काहीही उपाय चालत नाही.

नानांनी रात्री फार दूरची केंद्रे ऐकली असतील. दिवसा वातावरणातला एक खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळल्यावर तो थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. मुंबई आणि हैदराबाद रात्रीच स्पष्ट का येत, याचे कारण हे आहे.

आज मात्र केवळ जुन्या संचावर विसंबू नये. प्रसारभारतीच्या न्यूजऑनएअर या अॅपवर देशभरातली अनेक आकाशवाणी केंद्रे लागतात आणि 2016 च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झालेली शास्त्रीय संगीताची ‘रागम’ ही वाहिनीही त्यावर मिळते. फोन एखाद्या चांगल्या स्पीकरला जोडावा आणि तो त्याच कोनाड्यात ठेवावा, म्हणजे आवाज नानांच्या सवयीच्या दिशेने येईल.

उत्तर 3 : लेंडीकाठ, देगलूर

वरील आखणी उत्तम आहे, तरी वेळेच्या नियमाबाबत थोडे वेगळे मत नोंदवतो. आम्ही तेलंगणाच्या सीमेवरचे लोक असल्यामुळे आमच्या घरी हैदराबाद केंद्र लागत असे आणि त्यावर कर्नाटक संगीत भरपूर ऐकायला मिळे. त्या परंपरेत रागांची वेळ आज इतकी काटेकोर पाळली जात नाही आणि तरीही ऐकणाऱ्याचे काही उणे होत नाही. म्हणून राग आणि वेळ यांचे नाते स्वरांमध्येच आहे की आपल्या कानाला वर्षानुवर्षे लागलेल्या सवयीत आहे, हा प्रश्न मला सुटलेला नाही. अर्थात नानांचा कान ज्या सवयीत घडला आहे, तीच त्यांच्यासाठी खरी, हे मी मान्य करतो.

परंतु ताई, मला एक दुसरीच शंका येते. रेडिओवर सकाळपासून रात्रीपर्यंत शास्त्रीय वादन मी प्रथम ऐकले ते 1984 च्या ऑक्टोबरअखेरीस, इंदिरा गांधींच्या निधनानंतरच्या दुखवट्यात. नेहमीचे कार्यक्रम रद्द झाले होते आणि एकामागून एक संथ सारंगी आणि सनई चालू होती. त्या पिढीतील अनेकांच्या मनात अखंड वाजणारा रेडिओ म्हणजे कोणीतरी गेले, अशी गाठ पक्की बसलेली आहे. नानांना एकदा विचारून पाहावे. शक्य असल्यास सकाळी एकट्या सारंगीने सुरुवात करू नये.

प्रश्नकर्ती : सेलूची लेक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लेंडीकाठ यांची शंका वाचून मी नानांना विचारले. बराच वेळ ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, “नेहरू गेले तव्हाबी असंच वाजत होतं.” 27 मे 1964 चा तो दिवस. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि चावडीजवळच्या रेडिओभोवती सगळे गाव उन्हात उभे होते. फोनवरची यादी दोन दिवस अखंड चालू असताना त्यांच्या मनावर कसले ओझे असेल, हे मला त्या क्षणी कळले. ही गोष्ट मला आजवर ठाऊक नव्हती.

रविवारी तानपुरा यांच्या आखणीप्रमाणेच सर्व केले, फक्त पहाटे भैरव सनईऐवजी गायनाचा ठेवला. ढाळजेतले एलईडी दिवे बंद केल्यावर संचाची खरखर खरोखरच कमी झाली, पण वेळेवर हवे ते लागेना, म्हणून बहुतेक राग फोनवरूनच ऐकवले. सारंग चालू असताना नाना झोपले. मुलतानी सुरू होऊन दोन मिनिटे झाली असतील, तेवढ्यात त्यांनी स्वतः होऊन सांगितले, “चार वाजून गेले असतील, चहा ठेव.” तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती.

मारव्यानंतर त्यांनी संच बंद करायला सांगितला आणि यमन नको म्हणाले. रात्री जेवणानंतर मात्र शनिवारचा कार्यक्रम किती वाजता लागतो, असे विचारले. मी त्यांना आज रविवार असल्याचे सांगितले. आता सहा दिवस आहेत. तानपुरा यांनी सुचवलेले नेरळकरांचे गायन तोपर्यंत कोणाकडे मिळू शकेल का, ते कृपया कळवावे.