सहा क्लब, दोघं जण: जगलिंगचा स्वतःचा पॅटर्न रचायचा कसा?

प्रश्न:
आम्ही दोघं जगलिंग करतो: समोरासमोर उभे राहून सहा क्लब (बाटलीच्या आकाराचे दांडे) एकमेकांकडे फेकतो, म्हणजे पास करतो. फोर-काउंट (दर चौथी फेक पास), टू-काउंट (दर दुसरी) पक्के झालेत. थ्री-काउंटमध्ये (दर तिसरी) डाव्या हाताचे पासही नीट जातात. आता आपला एखादा पॅटर्न रचावा असं फार वाटतंय. पण मनाला येईल तिथे पास घुसवला की एकाच हातात दोन क्लब एकदम येऊन आदळतात. पॅटर्न चालणार की नाही, हे फेकायच्या आधी कसं कळतं?

उत्तर:
आधी दोघांनी एकाच क्षणी फेकणं सोडा. तुमचा उजवा, जोडीदाराचा उजवा, तुमचा डावा, जोडीदाराचा डावा, अशा क्रमाने फेका आणि हे चारही हात एकाच माणसाचे आहेत असं धरा. हा चार हातांचा साइटस्वॅप, म्हणजे फेकी आकड्यांत लिहायची पद्धत. क्लब किती फेकींनंतर पुन्हा फेकला जाणार, तो त्याचा आकडा. विषम असेल तर पास, सम असेल तर स्वतःकडे. 2 म्हणजे या हातातून त्या हातात सरकवलेला, 4 हातातच धरलेला, 5 झपकन जाणारा खालचा पास, 6 नेहमीचा सेल्फ (स्वतःच्याच दुसऱ्या हातात), 7 तरंगत जाणारा सिंगल (एका गिरकीचा) पास, 8 त्याच हातात परतणारा डबल (दोन गिरक्यांचा). पॅटर्नमधल्या आकड्यांची सरासरी म्हणजे क्लबांची संख्या.

पण नुसत्या सरासरीवर जाऊ नका! 765 ची (7, 6, 5 अशा फेकी, पुन्हा पुन्हा) सरासरी 6 च येते, तरी 7 नंतर लगेच फेकलेला 6 त्याच क्षणी त्याच हातात उतरतो. तुमची धडक हीच.

म्हणून जे चालतं त्यातूनच नवं काढा. 666 घ्या, म्हणजे दोघांचे आपापले कॅस्केड (तीन क्लब या हातातून त्या हातात, आळीपाळीने). शेजारच्या दोन फेकींच्या उतरायच्या जागा बदला: दुसरा आकडा एकने वाढवून पहिल्या जागी, पहिला एकने घटवून दुसऱ्या जागी. 66 चे 75 झाले, आणि मिळाला 756. फेकी आळीपाळीने असल्यामुळे प्रत्येकाच्या हाती 7, 6, 5 असा क्रम येतो, दोघांचा अगदी सारखा. मला हे अजूनही विलक्षण सुंदर वाटतं. सुरुवात करणाऱ्याचे 7 सरळ (उजव्यातून जोडीदाराच्या डाव्यात, डाव्यातून उजव्यात) जातात, दुसऱ्याचे तिरके (उजव्यातून उजव्यात, डाव्यातून डाव्यात). 5 चं बरोबर उलट. भूमिका बदलून दोन्ही बाजू शिका, नाहीतर अर्धाच पॅटर्न येईल.

प्रश्नकर्ता:
कागदावर 756 मधल्या 5 आणि 6 ची अदलाबदल केली, 774 आलं. मग दोन्ही 7 ची केली तर 864. पण यात एकही पास नाही?

उत्तर:
बरोबर, सगळे सम. 864 दोघांनी आपापलं खेळावं. 774 मात्र जरूर करा. 4 ला क्लब हातातच राहतो, तेवढ्यात मान वर करून येणारा पास बघता येतो. घाईत त्या क्लबला गिरकी देऊ नका, ठेका तिथेच सुटतो.

आणखी एक उत्तर:
हीच युक्ती सात क्लबांना लावा. 777 मधल्या पहिल्या दोन आकड्यांची अदलाबदल केली की 867, म्हणजेच शेवटचा 7 पुढे आणून 786. यालाच फ्रेंच थ्री-काउंट म्हणतात. 7 ने सुरू करणाऱ्याकडे चार क्लब, दोन्ही हातांत दोन-दोन. दुसऱ्याकडे तीन, त्यातले दोन उजव्यात. दुसऱ्याची पहिलीच फेक डबल असते, ती आधी एकट्याने घोटून घ्या.