टेन्शनचं बीपी म्हणजे खरं बीपी नाही का?

निशिगंध:
वय 44. मागच्या मंगळवारी दवाखान्यात बीपी 152/96 निघालं. थोडं बसवून परत मोजलं, 148/94. डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही, आठवडाभर घरी मोजून आकडे आणा म्हणाले. घरी ज्याला सांगावं तो म्हणतो, "टेन्शनचं बीपी आहे ते, जाईल आपोआप."

टेन्शन आहेच. वडिलांना पॅरालिसिस होऊन पाच महिने झाले. त्यांच्या खोलीत रात्री मीच झोपते. साडेअकराला पाठ टेकते. दीडला त्यांना कुशीवर वळवायचं, साडेतीनला लघवीचं भांडं. मधे त्यांच्या घशात नुसती खरखर झाली तरी मी ताडकन उठून बसते. परत आडवी झाले की कानाखालच्या उशीत माझेच ठोके ऐकू येतात, एकेक मोजता येईल इतके स्पष्ट. सलग तीन तास झोप कधी झाली होती, आठवत नाही.

ताण आणि अपुऱ्या झोपेमुळे बीपी वाढतं म्हणजे आत नेमकं काय होतं? आणि झोप सुधारली की उतरेल असं धरून गोळी टाळली तर चालेल का? माझ्या आईलाही बीपी होतं.

कवडसा:
ताई, मी 19 वर्षं नर्स आहे. आधी तुमच्या उशीतल्या ठोक्यांचं सांगते. दचकून उठलात की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. एवढंच असेल तर थोड्या वेळात उतरतंही.

खरी गोम झोपेत आहे. चांगल्या झोपेत बीपी दिवसाच्या मानाने साधारण 10 ते 20 टक्के खाली येतं. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना चोवीस तासांतली हीच काय ती विश्रांती. तुमची झोप दोनदा-तीनदा मोडते, म्हणजे तो उतार अर्ध्यावरच तुटतो. शरीर असं रात्रंदिवस सावध राहिलं की मूत्रपिंडंसुद्धा मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतात, आणि मग बीपी दिवसाही चढं राहतं.

"टेन्शनचं बीपी" हा शब्द मला फार छळतो. कारण काहीही असो, रक्तवाहिनीच्या भिंतीवर दाब पडतो तो पडतोच. वॉर्डात कितीतरी जण हेच वाक्य म्हणत आलेले मी पाहिलेत. शिवाय तुमच्या आईला होतं, वय चव्वेचाळीस आहे, तेव्हा सगळं झोपेवर ढकलू नका. ती सुधारल्याने फरक पडेल, पण तेवढ्याने भागेलच असं नाही. गोळीचं डॉक्टरांना ठरवू द्या.

मोजताना लघवीला जाऊन या, पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला. सकाळ-संध्याकाळ, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ती 135/85 किंवा वर असेल तर वाढलेलंच समजतात. रात्री दचकून उठल्यावर मोजू नका, नुसता घोर लागेल. मात्र 180/120च्या वर गेलं आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय असं काही असेल तर थेट इमर्जन्सीला जायचं.

आणि एक. वडिलांना उचलून पाठ धरली असेल. त्यासाठी काही गोळी घेताय का?

आडवाट:
मी तीन वर्षं ऑफिसच्या ताणाला दोष देत होतो. दोन गोळ्या चालू, तरी 150च्या खाली येईना. सकाळी उठलो की डोकं जड. शेवटी बायकोने रात्री माझं घोरणं फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. घोरणं, मग एकदम शांतता. मी घड्याळ लावून पाहिलं, 22 सेकंद काहीच नाही. मग बुडता माणूस वर यावा तसा श्वास. स्वतःचं ते ऐकताना हातपाय गार पडले.

तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया निघाला. श्वास थांबला की रक्तातला ऑक्सिजन घसरतो, शरीर घाबरून उठवतं, बीपी उसळतं, रात्रभर हेच. आता मास्कचं मशीन लावून झोपतो. बीपी थोडंच उतरलं, गोळ्या चालूच आहेत, पण डोकं जड होणं गेलं. तुम्ही घोरता का, हे घरात कुणाला तरी विचारा. आपलं आपल्याला कळत नाही.

निशिगंध:
आठ दिवस झाले. कवडसाताई, तुम्ही विचारलंत म्हणून डबी बघितली. पाठीसाठी आयबुप्रोफेन, जवळजवळ रोज, सात आठवडे. त्यानेही बीपी वाढतं हे मला ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांनी ते आधी बंद करायला लावलं.

सरासरी 143/91 आली. एका रात्री भाऊ वडिलांजवळ झोपला, मी दुसऱ्या खोलीत सलग सहा तास झोपले. त्या सकाळी 134/86. आदल्या सकाळी 149/95 होतं. एका रात्रीवरून काही ठरत नाही, कळतं मला, पण ते दोन आकडे वहीत शेजारी शेजारी बघून रडू आलं. वही भावापुढे ठेवली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, सोमवार, बुधवार, शनिवार मी झोपतो.

छोट्या डोसची एक गोळी सुरू झाली आहे. महिन्याने परत बोलावलंय. मी घोरते का, हे भावालाच विचारलं. तो म्हणतो, दाराबाहेरून तरी ऐकू आलं नाही.