अनुभव धागा: जेजुरीचा खंडोबा – गडकोट, कडेपठार, तळी आणि भंडारा

पहिल्यांदाच जाणारे दर सोमवतीच्या आधी तेच प्रश्न विचारतात. नेहमी जाणाऱ्यांनी नेमकं लिहा. "खूप छान वाटलं" एवढंच नको.

कऱ्हाकाठ
आधी ठरवा, कुठं जायचंय? गावातून पायऱ्या चढून दिसतो तो गडकोट. मूळ स्थान कडेपठार. ते त्याहून उंच, चढ दमछाक करणारा आणि वाटेत सावली कमी. दोन्ही एका दिवसात करायची असतील तर उजाडताच कडेपठार उरका, गडकोट नंतर. उलट केलंत तर दुपारी दगड तापतात आणि अनवाणी पाय पोळतात. पुण्याहून सासवडमार्गे साधारण 50 किलोमीटर. पुणे-मिरज मार्गावर जेजुरी स्टेशनही आहे.

बानूचा_वाडा
पायऱ्या चढताना लोक बाणाईच्या देवळाकडे न बघता पुढं जातात. ते अर्ध्या वाटेवर का, याची गोष्टच मजेशीर आहे. खंडोबाच्या दोन बायका: म्हाळसा नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक, बाणाई चंदनपुरीच्या धनगराची. दोघींचं पटेना, म्हणून देवानं गड वाटून दिला: वरचा अर्धा म्हाळसेचा, खालचा बाणाईचा. मणी-मल्ल दैत्यांची कथा वेगळी. खंडोबाचं त्यांच्याशी युद्ध मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवस चाललं, म्हणून सहाव्या दिवशी चंपाषष्ठी. मणी शरण आला आणि देवाजवळ जागा मिळवून बसला. मल्ल मेला, पण देवाच्या 'मल्हारी' (मल्लाचा अरी, म्हणजे शत्रू) या नावात राहिला.
नवीन जोडपं असेल तर नवऱ्यानं बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढायची रीत आहे. पाचच पुरे, उगाच फुशारकी नको. उधळलेल्या भंडाऱ्यानं (हळदीनं) पायरी निसरडी असते.

दिवटी_बुधली
तळीबद्दल, म्हणजे देवाच्या नावानं ताम्हण उचलायच्या विधीबद्दल. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, पैसे, खोबऱ्याची वाटी आणि भंडारा. उचलणारे विषम, बहुतेक पाच जण, डोक्यावर टोपी किंवा रुमाल. "सदानंदाचा येळकोट" या घोषावर सगळ्यांनी एकदम उचलायची. गडबड होते ती इथंच: एक जण आधी उचलतो, ताम्हण कलतं आणि भंडारा एका बाजूला सांडतो. एकानंच म्हणावं, बाकीच्यांनी "येळकोट"वर हात उचलावा. घरोघरी थोडा फरक असतो, आपल्या घरची रीत वडीलधाऱ्यांना विचारून जा.
दिवटीची (देवापुढच्या छोट्या मशालीची) चिंधी घट्ट पिळून गुंडाळा. सैल राहिली तर जळते तुकडे खाली पडतात. बुधलीतून (तेलाच्या भांड्यातून) तेल थोडं थोडं सोडायचं, एकदम ओतलं तर निथळून हातावर येतं.

हळदीचा_डाग
भंडारा म्हणजे हळद, पण स्वस्त पुड्यांत पिवळ्या रंगात घोळलेलं पीठही असतं. असला भंडारा डोळ्यांत गेला की चुरचुरतो. घरची हळद न्या. खोबरं उधळायचं तर वाटी फोडून बारीक तुकडे करा, अख्खी वाटी कुणाच्या डोक्यात बसली की येळकोटाऐवजी शिव्या ऐकाल. फोनचं चार्जिंगचं भोक चिकटपट्टीनं बुजवा.
घरी आल्यावर कपडे आधी कोरडे झटका. थेट साबण लावलात तर डाग लालसर होतो, कारण हळद क्षारात रंग बदलते. गार पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा, हळदीचा पिवळेपणा उन्हानं उतरतो.

मर्दानी_दसरा
सोमवती अमावास्येला देवाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते, तेव्हा गडावर मुंगीला वाट नसते. दर्शन हवं असेल तर तो दिवस टाळा, सोहळा हवा असेल तर तोच धरा. दसऱ्याला गडकोट आणि कडेपठार दोन्हीकडच्या पालख्या निघतात, रमणा नावाच्या जागी रात्री उशिरा त्यांची भेट होते. टॉर्च आणि पाणी न्या. नंतर खंडा, म्हणजे देवाची जड तलवार, उचलायची स्पर्धा. पानसे सरदारांनी वाहिलेला हा खंडा सुमारे 42 किलोचा. एका हातानं तोलून धरायचा, म्हणजे मनगट आणि खांदा दोन्ही लागतात. निव्वळ दंडाची ताकद असून भागत नाही.

चंपाषष्ठीचा_रोडगा
जेजुरीला जाणं जमत नसेल तर घरी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसवा, सहा दिवस दिवा तेवता ठेवा. षष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा (जाड भाकरीसारखा). चातुर्मासात वांगं वर्ज्य असलेल्या घरांत ते या दिवसापासून सुरू होतं. रोडगा जाड असतो, म्हणून आच मंद ठेवा, नाहीतर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो.