बी-३०४ च्या बाबांचा ॲक्सिडेंट आणि ४० हजारांचा कागद

बी-३०४: बाबांना काल घरी आणलं, मांडीत रॉड टाकलाय. वाघबीळला रिक्षातून येत होते आणि मागून कार धडकली. आता कारवाला म्हणतोय ४० हजार घ्या, ह्या कागदावर सही करा, विषय संपवू. काय करू?

सेक्रेटरी: अरे बापरे. आईचा वॉकर पडून आहे आमच्याकडे, पाठवतो.

ए-७०१: घेऊन टाक रे, कोर्टात चपला झिजतात.

सी-१०२ वकील: काका काहीही काय!! दादा सही अजिबात करू नका. कारचा थर्ड पार्टी इन्शुरन्स असेल तर पैसे कंपनी देते, म्हणूनच आधी एफआयआर बघा, दवाखान्यात एमएलसी (अपघाताची पोलिस केस म्हणून) नोंद झालीय का तेही बघा, नाहीतर कंपनी म्हणणार घरात पडले असतील. मग ठाणे शहरातल्या मोटार अपघात ट्रिब्युनलकडे (अपघात भरपाईचं कोर्ट) मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा भरपाईचा अर्ज. २०२२ पासून त्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आलीय, रॉड निघेपर्यंत थांबू नका

बी-३०४: पण तो म्हणतो रिक्षावाल्यानेच मध्ये कट मारला

सी-१०२ वकील: मारला असेल. बाबा पॅसेंजर आहेत, त्यांची काय चूक? कोणाचा किती दोष ते दोघं आपसात बघतील, बाबा पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतात. शिकवण्या घेतात ना अजून? त्या फीचं पासबुक काढून ठेवा, बुडालेली कमाईपण धरतात.

डी-५०५: आमच्या भावाने नुसती बिलं जपली, अपंगत्वाचा दाखला काढलाच नाही, पाय अजून वाकत नाही पण पैसे फक्त औषधपाण्याचे मिळाले 😔 सिव्हिल सर्जनचा दाखला घ्याच

ए-७०१: आणि रस्त्याचं काय? मेट्रोचे पत्रे, खड्डे, त्यात गुजरातकडचे ट्रेलर, घोडबंदरला रोज जीव मुठीत धरून जातो आपण.

सी-१०२ वकील: खड्ड्यामुळे झालं असेल तर वेगळा मार्ग आहे काका. हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंय, मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख. पण खड्ड्याचा फोटो त्याच दिवशीचा लागतो, दुसऱ्या दिवशी डांबर टाकून मोकळे होतात 😅

ए-७०१: बरं बाबा, माझा सल्ला मागे.

बी-३०४: कागद परत पाठवला. ताई संध्याकाळी येऊ का फाईल घेऊन?

सी-१०२ वकील: ७ नंतर या. डिस्चार्ज समरी विसरू नका

सेक्रेटरी: वॉकर लिफ्टमध्ये ठेवलाय, तिसऱ्यावर कोणीतरी उतरवून घ्या