नॉन-क्रीमीलेयरचा अर्ज सेवा केंद्राच्या लॉगिनमध्ये अडकलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी नॉन-क्रीमीलेयर दाखला हवाय. तालुक्यातल्या एका सेवा केंद्रातून अर्ज केला. 300 रुपये घेतले आणि पावतीऐवजी वहीचा कागद फाडून त्यावर अर्ज क्रमांक लिहून दिला. 21 दिवसांत मिळेल म्हणाले, आज 26 झाले. दरवेळी उत्तर एकच, "प्रांत ऑफिसला पेंडिंग आहे."

काल हट्टानं स्क्रीन बघायला मागितली. अर्ज नवव्याच दिवशी त्रुटी काढून परत आलेला! कारण, ‘कागदपत्र अस्पष्ट’. उत्पन्नाचा तीन वर्षांचा दाखला 500 केबीत बसवायला गड्यानं एवढा दाबलाय की आकड्यांच्या जागी नुसते मुंगळे दिसतात. मूळ कागद लख्ख आहे हो.

आता म्हणतो सर्व्हर डाऊन, सोमवारी या. त्रुटी त्याच्याच लॉगिनला येते, मला काही करता येत नाही. आपले सरकार पोर्टलवर स्वतःचं खातं काढून नवा अर्ज टाकू का? आणि हे 21 दिवस नेमके कधीपासून मोजायचे? एक खिडकी म्हणे! मागे तलाठी, तहसील, प्रांत आहेतच की.

प्रतिसाद १
मी स्वतः केंद्र चालवतो, त्यामुळे शिव्या आधी खाऊन घेतो. नवा अर्ज टाकू नका. माझ्याकडे आलेल्या अशा दोघांचे दोन्ही अर्ज लटकले होते. मूळ दाखला घेऊन जा, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. मोबाईलचा फोटो नको, स्कॅनरवर ग्रेस्केल, 200 डीपीआय. 500 केबीत सहज बसतो. अपलोड करण्याआधी पीडीएफ उघडून आकडे स्वतः वाचा. आणि 300 कसले? सरकारी दर याहून बराच कमी आहे. छापील पावती मागा.

प्रतिसाद २
लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे. मुदत परिपूर्ण अर्जापासून धरतात, म्हणून कार्यालय त्रुटीकडे बोट दाखवणार. मुदत उलटली तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. 500 ते 5000 दंडही आहे, पण तो अधिकाऱ्याला, केंद्रवाल्याला नाही. तुमची घाई प्रवेशाची, अपिलात वेळ जाईल. त्रुटी भरली की दुसऱ्या दिवशी प्रांत कार्यालयात पावती आणि मूळ दाखला घेऊन अव्वल कारकुनांना भेटा. सकाळी जा, दुपारी साहेब दौऱ्यावर असतात.

धागाकर्ता
आत्ताच आलो. शेजारी बसूनच करून घेतलं. 310 केबी, आकडे स्पष्ट. सर्व्हर चालू होता, हे वेगळं सांगायला नको. पावतीही मिळाली, सरकारी दराची. जास्तीचे घेतलेले पैसे मागितले तर म्हणाला, "दादा, पुढच्या कामात वळते करू." उद्या सकाळी प्रांत ऑफिस.