डिकीतला गांजा, कलम ५० चं पत्र आणि पंचनाम्यातल्या चुका: कोर्टात नेमकं काय टिकतं?

नवी_सनद

एनडीपीएसच्या (अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या) एका दोषारोपपत्रावर मत हवं आहे. कागदांवरून दिसतं ते असं:

रात्री ९.१० ला डी.बी. पथकाच्या (ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाच्या) पी.एस.आय.ना बातमी मिळाली. १०.३० ला महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर खासगी मोटार अडवली. डिकीत दोन पोती होती, पोत्यांसह वजन २२ किलो ४०० ग्रॅम. वर्णन "ओलसर हिरवट पाने, फुले, बिया व काड्या". अंगझडतीत फक्त मोबाईल आणि रोख रक्कम मिळाली. कलम ५० च्या पत्रात (अंगझडती कुणासमोर हवी, हे आरोपीला विचारणाऱ्या) "राजपत्रित अधिकारी, मॅजिस्ट्रेट किंवा आम्ही स्वतः" असे तीन पर्याय आहेत. नमुने जागेवरच काढले. कलम ५२-अ ची कारवाई (मॅजिस्ट्रेटसमोर मालाची यादी आणि नमुने) १९ दिवसांनी झाली. दोन्ही पंच दुसऱ्या तालुक्यातले आहेत. पंचनाम्यात व्हिडिओ केल्याचं लिहिलं आहे, पण दोषारोपपत्रासोबत व्हिडिओ नाही. गुन्हा १ जुलै २०२४ नंतरचा, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू.

माझा भर कलम ५० वर आहे. तिसरा पर्याय दिला की झडतीच बेकायदा ठरते, असं परमानंद निकालात (२०१४) स्पष्ट आहे ना?

उलटतपास

परमानंद बरोबर आहे, पण तुमच्या प्रकरणाला तो लागू होत नाही. कलम ५० "व्यक्तीच्या" झडतीपुरतं आहे. पिशवी, पोतं, डिकी म्हणजे व्यक्ती नव्हे, हे पवन कुमार (२००५) निकालात आलं आणि रंजन कुमार चढ्ढा (२०२३) मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलं. अंगझडतीही घेतली, तीत कलम ५० मोडलं, पण माल वाहनातूनच मिळाला, अशी परिस्थिती बलजिंदर सिंग (२०१९) मध्ये होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, अंगझडतीतली चूक वाहनातल्या जप्तीला लागत नाही. हाच मालाचा पुडका खिशात सापडला असता तर विजयसिंह जडेजा (२०१०) प्रमाणे कलम ५० चं काटेकोर पालन दाखवावं लागलं असतं आणि त्या पत्रातली "आम्ही स्वतः" ही ओळ सरकार पक्षाला महागात पडली असती. इथे हा मुद्दा पहिला मांडलात तर बाकीच्या मुद्द्यांचं वजनही कमी होतं.

तुमचा खरा मुद्दा कलम ४२ चा, म्हणजे बातमीवरून वॉरंटशिवाय घेतलेल्या झडतीच्या अटींचा आहे. पोलीस अशा वेळी "सार्वजनिक रस्ता, म्हणून कलम ४३" (सार्वजनिक जागेतली झडती, तिला या अटी नाहीत) असं म्हणतात. पण कलम ४३ च्या स्पष्टीकरणात सार्वजनिक वाहन आहे, खासगी नाही. बूटा सिंग (२०२१) मध्ये रस्त्याकडेला उभ्या खासगी जीपमधला माल होता. तिथे कलम ४३ नाही तर ४२ लागू धरलं, ४२ चं पालन अजिबात नव्हतं, म्हणून आरोपी सुटले.

मग कलम ४२ चे तीन कागद शोधा. एक, बातमी लेखी नोंदवली का, आणि निघण्याआधी की परत आल्यावर. दोन, सूर्यास्तानंतरची झडती आहे, तेव्हा वॉरंट आणायला गेलो असतो तर पुरावा नाहीसा झाला असता किंवा आरोपी पळाला असता, याची कारणं लिहिली का. तीन, बातमीची आणि या कारणांची प्रत ७२ तासांत लगतच्या वरिष्ठांकडे गेली का. स्टेशन डायरीत "बातमी मिळाल्याने पथक रवाना" एवढंच असेल तर पहिला कागदसुद्धा पुरा झाला असं मी धरणार नाही.

सरकारपक्ष

कलम ४२ वर दुसरी बाजूही लक्षात ठेवा, नाहीतर अर्ग्युमेंटच्या दिवशी अडचण होते. कर्नैल सिंग (२००९) हा घटनापीठाचा निकाल. पूर्ण दुर्लक्ष चालत नाही, पण उशीर झाला आणि त्याचं समाधानकारक कारण असेल तर चालतं. गस्तीवर असताना फोनवर बातमी आली, थांबलो असतो तर गाडी निघून गेली असती, असं असेल तर आधी कारवाई, मग नोंद हे मान्य होऊ शकतं. तुमच्या प्रकरणात बातमी आणि नाकाबंदी यांत ८० मिनिटं आहेत. पी.एस.आय. तेव्हा ठाण्यातच होते का, हे स्टेशन डायरीवरून काढा. ठाण्यात होते तर घाईचं कारण टिकणं कठीण आहे. आणि अधिकार दिलेला राजपत्रित अधिकारी, म्हणजे उपविभागीय पोलीस अधिकारी वगैरे, स्वतः हजर राहून कारवाई करत असेल तर कलम ४२ च्या या अटी लागत नाहीत, असं प्रभूलाल (२००३) निकाल सांगतो. पंचनाम्यात अशा अधिकाऱ्याचं नाव नुसतं "मार्गदर्शनाखाली" म्हणून आहे की ते खरोखर जागेवर होते, ते तपासा.

७२ तासांच्या प्रतीबाबत सरकार पक्षाचे साक्षीदार हमखास तिथेच अडकतात. जावक नंबर ठाण्याचा असतो, पण वरिष्ठ कार्यालयाचा आवक नंबर, तारीख आणि सही नसते. वरिष्ठ कार्यालयाचं आवक रजिस्टर बी.एन.एस.एस. (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ९४ खाली मागवा. आवकची नोंद नसेल तर प्रत गेली हे सिद्ध करायची जबाबदारी आमच्यावर येते.

पंचांच्या मुद्द्यावर फार आशा ठेवू नका. बी.एन.एस.एस.च्या कलम १०३ मध्ये स्थानिक पंच मिळाले नाहीत किंवा तयार झाले नाहीत तर दुसरीकडचे घेता येतात. पंच फितूर झाले तरी पोलिसांची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शिक्षा होते. उपयोग एवढाच की तेच पंच त्याच पथकाच्या आणखी किती पंचनाम्यांत आहेत, हे उलटतपासात काढता येतं.

मुद्देमाल_नोंदवही

वजनाकडे कुणीच पाहिलं नाही, आणि तुमच्या कागदांत मला तोच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

गांजाची व्यावसायिक मात्रा म्हणजे २० किलोपेक्षा जास्त. तुमचे २२.४०० किलो पोत्यांसकट आहेत. आधी रिकाम्या पोत्यांचं वजन कुठे लिहिलं आहे का बघा. मग व्याख्या: कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजा नव्हेत. पंचनामा सांगतो पानं, फुलं, बिया, काड्या असा सरमिसळ माल होता, पण शेंडे किती आणि सुटी पानं-काड्या किती, हे वेगळं केलंच नाही. सरकार पक्ष हिरा सिंग (२०२०) पुढे करेल, की मिश्रणातला तटस्थ भागही वजनात धरायचा. त्याला उत्तर असं की तो निकाल अंमली पदार्थात दुसरं काही मिसळलं तर, याबद्दल आहे. जे व्याख्येतच बसत नाही ते गांजा म्हणून मोजायचं का, हा प्रश्न वेगळा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने काही जामीन आदेशांत हा युक्तिवाद स्वीकारला आहे. वजन २० किलोच्या आत आलं तर शिक्षा किमान १० वर्षांऐवजी जास्तीत जास्त १० वर्षं, आणि जामिनाला कलम ३७ च्या कडक अटींची भिंत राहत नाही. शिवाय माल ओलसर आहे. १९ दिवसांनी मॅजिस्ट्रेटसमोर पुन्हा वजन केलं तेव्हा किती भरलं? वाळून कमी झालं असेल तर दोनपैकी कुठलं वजन धरायचं आणि का, हे सरकार पक्षाला सांगावं लागेल. काहीच कमी झालं नसेल तर तोही प्रश्न विचारण्यासारखा आहे.

नमुने जागेवर काढणं चूक आहे. मोहनलाल (२०१६) पासून आणि डिसेंबर २०२२ च्या नियमांनंतर तर नक्कीच, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे, दोन-दोन प्रतींत, गांजाचे प्रत्येकी २४ ग्रॅम. पण भारत आंबळे (जानेवारी २०२५) नंतर "५२-अ मोडलं, म्हणून निर्दोष" असं सरळ म्हणता येत नाही. मोडलं याचा पाया आधी उलटतपासातून घालावा लागतो, आणि त्यामुळे मालाच्या ओळखीबद्दल शंका कशी आली ते दाखवावं लागतं. म्हणून हे प्रश्न क्रमाने विचारा: लाखेचं सील कुणाकडे होतं, नंतर कुणाला दिलं? सीलचा नमुना प्रयोगशाळेला वेगळा पाठवला का? मुद्देमाल रजिस्टरला नोंद किती वाजता झाली? प्रयोगशाळेत गेलेला नमुना जागेवरचा की मॅजिस्ट्रेटसमोरचा? मधल्या दिवसांत तो कुठे होता, नेणारा हवालदार साक्षीदार आहे का? सी.ए. (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टमधलं नमुन्याचं वजन आणि सीलचं वर्णन पंचनाम्याशी जुळतं का? यातल्या दोन-तीन कड्या तुटल्या तर १९ दिवसांच्या उशिराला अर्थ येतो. नुसता उशीर मांडू नका.

नवी_सनद

कलम ५० सोडतो. मग झडती बेकायदा म्हणून आत्ताच जामिनात मांडू का? आणि व्हिडिओचं काय करायचं?

उलटतपास

आधी मूळ गोष्ट स्पष्ट करून घ्या, कारण अर्जाची भाषा त्यावर ठरते. अमेरिकेत मॅप निकालापासून (१९६१) बेकायदा झडतीतला पुरावा सर्वसाधारणपणे बाहेर जातो. आपल्याकडे तो नियम नाही. पूरणमल (१९७४) प्रमाणे पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल तर झडतीच्या बेकायदेशीरपणामुळे तो बाद होत नाही, आणि महाराष्ट्रातल्याच नटवरलाल सोनी प्रकरणात (१९८०) जप्तीबद्दल तेच म्हटलं. एनडीपीएसमध्ये कलम ४२ आणि ५० वेगळी उठून दिसतात ती यामुळे, की कायद्यानेच तिथे संरक्षण बांधून दिलं आहे. बाकी प्रत्येक चूक "त्यामुळे पुराव्यावरचा विश्वास का उडतो" या प्रश्नातून न्यावी लागते. कलम ५७ चा, अटक-जप्तीबद्दल वरिष्ठांना द्यायचा ४८ तासांचा अहवालही त्यातच येतो. गुरबक्ष सिंग (२००१) मध्ये ते कलम निर्देशात्मक (सक्तीचं नव्हे) धरलं, पण सरसकट डावललं तर न्यायालय त्याची दखल घेतं.

जामिनात ५२-अ मांडू नका. काशिफ प्रकरणात (डिसेंबर २०२४) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्यातला उशीर किंवा त्रुटी एवढ्यानेच जामीन देता येत नाही. जामिनात वजन आणि व्याख्या हा मुख्य मुद्दा, त्यामागे कलम ४२ चा कोरा कागद. आणि अटकेची कारणं आरोपीला नीट कळवली का ते बघा. विहान कुमार (फेब्रुवारी २०२५) नंतर तो स्वतंत्र आणि वजनदार मुद्दा आहे, पण तो अटकेला लागतो, जप्तीला नाही.

सरकारपक्ष

व्हिडिओबद्दल: बी.एन.एस.एस. कलम १०५ खाली झडती, यादी आणि सह्या या सगळ्याचं चित्रीकरण करून ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं. केलं नाही तर काय, हे कलमात लिहिलेलं नाही, त्यामुळे जप्ती आपोआप रद्द होते असं गृहीत धरू नका. तुमचं प्रकरण मात्र वेगळं आहे. पंचनामा म्हणतो व्हिडिओ केला, आणि व्हिडिओ नाही. आरोप ठेवण्याआधीच प्रत मागणारा अर्ज द्या, मॅजिस्ट्रेटकडे पाठवल्याची पोच मागा. व्हिडिओ आला तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र भाग 'अ' आणि 'ब' सह आहे का, हॅश व्हॅल्यू (फाईल बदलली नाही हे दाखवणारा आकडा) जुळते का, हे पाहा. मग पंचनाम्याची सुरू आणि संपल्याची वेळ, फाईलची वेळ आणि पथकाच्या मोबाईलचं लोकेशन शेजारी ठेवा. पोती उघडताना दिसतात की आधीच उघडलेली आहेत, तेही बघा. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण हवं असेल तर ते जपून ठेवण्याचा अर्ज आजच द्या. जुनं चित्रण पुसलं जातं आणि मग उलटतपासात विचारण्यासारखं काही उरत नाही.