1/72 हरिकेनचा कॅमोफ्लाज : दोन रंगांमधली कड किती धारदार असावी?

विमानवेडा_सांगली

नमस्कार. भारतीय हवाई दलाच्या क्र. 1 स्क्वॉड्रनने 1944 साली इंफाळच्या लढाईत वापरलेल्या हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाचे 1/72 प्रमाणातील मॉडेल मी बांधत आहे. अर्जन सिंग तेव्हा या स्क्वॉड्रनचे नेतृत्व करत होते, आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस याच मोहिमेत मिळाला. जोडणी झाली आहे, सांधे घासून प्रायमरही दिला आहे. वरच्या बाजूला डार्क अर्थ व डार्क ग्रीन आणि पोटाला मीडियम सी ग्रे, इतके नक्की आहे.

घोडे अडले आहे ते हिरवा व तपकिरी रंग जिथे एकमेकांना भिडतात त्या कडेवर. खोक्यावरच्या चित्रात ही कड अगदी धारदार दाखवली आहे, तर इतरांनी केलेल्या अनेक मॉडेलांवर ती चांगली रुंद आणि धूसर दिसते. दोन्हींपैकी खरे काय? माझ्याकडे 0.3 मिमी नोझलचा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) आणि छोटा कॉम्प्रेसर आहे. कड धूसरच हवी असेल, तर मास्क (रंग नको तिथे लागू नये म्हणून लावायचे आच्छादन) न लावता मोकळ्या हाताने काम भागेल का? शिवाय लहान प्रमाणात रंग थोडे फिकट करावेत असे म्हणतात; त्याबद्दलही जाणकारांनी कृपया सांगावे.

पत्रा_आणि_रिव्हेट

विषय चांगला काढलात. या वादाचा निकाल मतांपेक्षा गणिताने लवकर लागतो, म्हणून आधी थोडी आकडेमोड करू.

त्या काळच्या ब्रिटिश लढाऊ विमानांची जवळून घेतलेली छायाचित्रे पाहिली, तर दोन रंगांमधला धूसर पट्टा साधारणतः एखाद-दोन इंचांचाच दिसतो, आणि काही विमानांवर तर कड जवळजवळ स्वच्छ दिसते. एक इंच म्हणजे 25.4 मिमी, त्याला 72 ने भागले की उरतात 0.35 मिमी. म्हणजे तुमच्या मॉडेलवर धूसर पट्टा फार तर अर्धा-पाऊण मिलिमीटर असायला हवा. तुमच्यासारख्या एअरब्रशने मोकळ्या हाताने काम केले, तर बहुतेकांच्या हातून दोन ते तीन मिमी रुंद धूसर पट्टा तयार होतो. तो उलट 72 ने गुणून पाहा : खऱ्या विमानावर ती साडेपाच ते साडेआठ इंचांची धूसर कड होईल. अशी कड मी हरिकेनच्या एकाही छायाचित्रात पाहिलेली नाही. तुम्हाला इतर मॉडेलांवर दिसलेली रुंद, ढगाळ कड एअरब्रशने घातलेली आहे, इतिहासाने नव्हे. 1/72 मध्ये पूर्ण धारदार कड आणि हे तत्त्वतः बरोबर असलेले अर्धा-पाऊण मिमी धूसरपण यांतला फरक हातभर अंतरावरून जेमतेम कळतो. म्हणून एकाच टोकाला चुकायचे असेल, तर धारदारपणाकडे चुकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्या. ब्रह्मदेश आघाडीवर आलेली काही विमाने आधी वाळवंटी रंगसंगतीत, म्हणजे डार्क अर्थ आणि मिडल स्टोनमध्ये (वाळूसारखा पिवळट रंग) होती, आणि त्यांच्या मिडल स्टोनवर नंतर इथे डार्क ग्रीन चढवला गेला. दुरुस्ती तळावर घाईत केलेल्या अशा कामाची कड कारखान्यातल्या कडेसारखी असेलच असे नाही. त्यामुळे ज्या विशिष्ट विमानाचे मॉडेल करत आहात त्याचे छायाचित्र मिळाले, तर माझ्या गणितापेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

आता कृती. हरिकेनच्या पंखांचा विस्तार 40 फूट आहे, म्हणजे 1/72 मध्ये सुमारे 169 मिमी. सूचनापत्रकावरील वरून दिसणाऱ्या चित्रात पंखांचा विस्तार मोजा आणि झेरॉक्सवाल्याकडून ते चित्र 169 मिमी होईल इतके मोठे करून घ्या. उदाहरणार्थ, चित्र 120 मिमी रुंद असेल तर 141 टक्के सांगा. त्या प्रतीतून हिरव्या रंगाच्या आकृत्या कापल्या की उरलेला कागद हाच तुमचा मास्क. तो थेट चिकटवू नका. निळ्या चिकट पुट्टीच्या बारीक वळ्या करून कागदाच्या कडेपासून किंचित आत लावा, म्हणजे कागद पृष्ठभागापासून सुमारे अर्धा ते एक मिमी उचललेला राहील. एअरब्रश कडेला काटकोनात धरून, सुमारे 15 पीएसआय दाबावर, पातळ थर देत राहिलात की हवी तेवढीच धूसर कड मिळते. एअरब्रश तिरपा झाला की रंग कागदाखाली शिरतो आणि कड एका बाजूला पसरते. ही कृती बिघडते ती बहुधा इथेच.

पंखांवर हे सोपे जाते, धडावर नाही. वरून काढलेले चित्र धडाच्या गोलाईवर बसत नाही, त्यामुळे बाजूच्या चित्रांच्या वेगळ्या प्रती काढाव्या लागतात, आणि पाठीच्या रेषेवर दोन्ही बाजूंचे आकार जुळवताना थोडी तडजोड करावीच लागते. शिवाय हरिकेनच्या धडाचा मागचा भाग कापडाने मढवलेला होता आणि आतल्या पट्ट्यांमुळे त्यावर लांबट उंचवटे दिसतात. मॉडेलवरही ते कोरलेले असतात, आणि टेप वापरली तर रंग नेमका त्या खोलगट भागांतून आत शिरतो. तेथे पुट्टीची वळीच बरी.

क्रम असा ठेवा : पोटाचा राखाडी आधी, तो झाकून मग सगळीकडे डार्क अर्थ, आणि शेवटी डार्क ग्रीन. गडद रंग फिकट रंगाला सहज झाकतो. उलट केले तर थरावर थर द्यावे लागतात. तामियाचे रंग वापरणार असाल तर एक्सएफ-81 हिरव्यासाठी आणि एक्सएफ-83 पोटासाठी आहे. डार्क अर्थसाठी बरेच जण एक्सएफ-52 घेतात. हम्ब्रोलमध्ये डार्क अर्थ म्हणजे 29 क्रमांक.

सागरी_वारा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त साहित्य आणि हवामान यांविषयी लिहितो, कारण मी रत्नागिरीत राहतो आणि इथला पावसाळा या छंदाचा शत्रू आहे.

घर रंगवणारे वापरतात ती पिवळट मास्किंग टेप मॉडेलसाठी फार चिकट असते आणि प्रायमर नीट बसलेला नसेल तर तोही उचलून आणते. तीच वापरायची झाली तर आधी काचेवर दोन-तीनदा चिकटवून काढावी आणि तिची कारखान्यातली कड धारदार पात्याने कापून टाकावी, कारण गुंडाळीची बाजू धुळीने खरबरीत झालेली असते. मुलांची क्ले वापरण्याचा सल्ला काही जण देतात. तिच्यात तेल असते आणि तिचा डाग मॅट रंगावर राहतो, म्हणून मी ती टाळतो. रबरी पुट्टी वक्र भागावर उत्तम बसते, पण ती स्वतःच्या वजनाने सावकाश पसरते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. ती लावल्यावर जेवायला जाऊ नये. लगेच रंग मारावा.

दमट हवेत कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचते आणि ऐन कडेवर त्याचा थेंब उडतो. त्यामुळे नळीतले पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप बसवल्याशिवाय जून ते सप्टेंबर एअरब्रश हातात घेऊ नये. लॅकर किंवा लॅकर थिनरने पातळ केलेला रंग फार दमट हवेत मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते, आणि ती गडद हिरव्यावर फार उठून दिसते. पाऊस कोसळत असताना घाई करण्यापेक्षा एखाद्या उघडिपीची वाट पाहिलेली बरी.

रणगाडा_35

मी विमानवाला नाही, रणगाडेवाला आहे, त्यामुळे मोकळ्या हाताची बाजू कोणीतरी मांडायला हवी. कडेचा नियम विषयानुसार बदलतो. जर्मन सैन्याने फेब्रुवारी 1943 मध्ये वाहनांचा मूळ रंग गडद पिवळा ठरवला, आणि हिरव्या व लालसर तपकिरी रंगांची घट्ट पेस्ट तुकड्यांना पुरवली. ती पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून ज्याला जशी जमेल तशी, स्प्रेने किंवा ब्रशने, लावली जाई. त्यामुळे एकाच तुकडीतले दोन रणगाडेही सारखे नसत. अशा वाहनावर 1/35 मध्ये मोकळ्या हाताने मारलेली धूसर कड अगदी योग्य दिसते, आणि तिथे कागदाचा मास्क लावला तर रणगाडा उगीच छापील वाटतो. 1/35 मध्ये दोन मिमीची कड म्हणजे खऱ्या वाहनावर सात सेंटिमीटर. स्प्रे गनने ती सहज पडते. तेव्हा वरचे गणित मला मान्यच आहे, फक्त प्रश्नकर्त्याने ते पुढच्या प्रत्येक मॉडेलला डोळे झाकून लावू नये.

रंग फिकट करण्याबाबत मात्र माझे मत कडक आहे. लांबची वस्तू हवेमुळे फिकट दिसते, म्हणून लहान मॉडेलचा रंगही फिकट करावा, हा त्यामागचा विचार आहे. पण हिरव्यात पांढरा मिसळला की तो खडूसारखा होतो आणि त्यातली ऊब जाते. फिकट करायचाच असेल तर डार्क ग्रीनमध्ये थोडा पिवळट तपकिरी मिसळावा, आणि तोही थोडाच. ब्रह्मदेशच्या उन्हापावसात हे रंग असेही विटत, त्यामुळे पूर्ण विमान एकसारखे फिकट करण्यापेक्षा पंखांच्या वरच्या बाजूला, पत्र्यांच्या मधोमध, हलका थर देणे मला जास्त पटते.

मिशिगनमुक्कामी

थोडा बाजूचा, पण संबंधित अनुभव. इथे अमेरिकेत बदकांच्या शिकारीच्या हंगामाआधी लोक आपल्या छोट्या बोटी आणि सामान घरीच रंगवतात, आणि माझा शेजारी त्यांपैकी एक आहे. मी स्वतः शिकार करत नाही, पण रंगकामाला हात लावतो. पद्धत तुमच्यासारखीच आहे : सगळीकडे आधी फिकट खाकी, मग स्टेन्सिल किंवा पाणथळीतल्या गवताची खरी पाती बोटीवर धरून त्यावरून तपकिरी, आणि शेवटी अगदी थोडा काळा. कडेची चिंता तिथे कोणीही करत नाही, कारण पक्ष्यापासून लपायचे असते ते अंतरावरून. नक्षी बारीक केली तर लांबून सगळे मिसळून एकच गडद गोळा दिसतो. म्हणून मोठे आकार आणि फिकट-गडद यांतला ठळक फरक महत्त्वाचा मानतात. दुसरी गोष्ट चमक. मॅट रंग सोडून काहीही चालत नाही, आणि झिजून उघड्या पडलेल्या धातूवर आधी ब्रश फिरतो.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता शिकारीचा प्रश्न उरलेला नाही, पण भिगवणला पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांना ट्रायपॉड आणि लपणीसाठी हेच तंत्र उपयोगी पडेल. तुमच्या हरिकेनसाठी यातले एकच घेण्यासारखे आहे : शेवटचा थर पूर्ण मॅट हवा, नाहीतर रंग कितीही बरोबर असले तरी मॉडेल खेळणे वाटेल.

विमानवेडा_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. कागदी मास्क आणि पुट्टीची वळी असे ठरवले आहे, आणि पांढरा मिसळणार नाही. शेवटची शंका चिन्हांबद्दल. माझ्या डीकॅलच्या (भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांच्या) पत्रकावर पंखांसाठी रुंद पांढरे पट्टेही दिले आहेत. ते लावायचे का? आणि मॅट रंगावर डीकॅल थेट लावावेत का?

पत्रा_आणि_रिव्हेट

पट्टे लावू नका. या आघाडीवरच्या लढाऊ विमानांवर ते ओळखखुणेसाठी 1945 च्या सुरुवातीपासून आले. 1944 च्या इंफाळच्या विमानावर ते कालविसंगत ठरतील. चिन्हेही तपासून घ्या : जपानी विमानाच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून इथल्या वर्तुळांतून लाल रंग काढून टाकलेला होता, त्यामुळे निळ्याच्या दोन छटांची लहान वर्तुळेच हवीत.

डीकॅल मॅट रंगावर थेट नकोत. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खरबरीत असतो, डीकॅलखाली हवा अडकते आणि फिल्म चंदेरी दिसू लागते. आधी ग्लॉस व्हार्निशचा पातळ थर द्या, तो पूर्ण वाळू द्या, मग डीकॅल लावा आणि धडाच्या कापडी भागावर ते सेटिंग सोल्यूशनने मऊ करून उंचवट्यांवर बसवा. दुसऱ्या दिवशी पाण्याने भिजवलेल्या कापसाने सोल्यूशनचे डाग टिपून घ्या आणि त्यानंतरच मॅट व्हार्निश मारा. कॉकपिटच्या काचेवरचा मास्क मॅट थर वाळल्यावर काढा, आधी नव्हे.